वाटेवरचा खाऊ आणि पदराची गाठ



स्मरणिकेसाठी "तुम्हीही काही लिहा" असे आपल्या चिटणीसबाईंनी मला सांगितले, तेव्हा मी प्रथम हसण्यावारी नेले. माझे शिक्षण सातवीपर्यंत. पुढची शाळा गावापासून लांब होती आणि घरी धाकटी भावंडे होती, म्हणून पाटी तिथेच राहिली. परंतु वाचनाची सवय सुटली नाही. दुपारची झाकपाक झाली की हाती येईल ते पुस्तक मी वाचते. "मग सहलीतल्या खाऊवर लिहा, तुम्हीच सगळ्यांत जास्त पिशव्या भरल्या होत्या," असे त्या म्हणाल्या आणि मला विषय मिळाला.

गेल्या माघात आपली सहल आळंदी, देहू, पुणे, कार्ल्याची एकवीरा आणि लोणावळा अशी झाली. येताना आपण कसारा घाटाने आलो. आळंदीला पेढे, पुण्याला बेकरीची बिस्किटे, लोणावळ्याला चिक्की, आणि मधल्या एका थांब्यावर नानकटाई अशी खरेदी झाली. गाडीत बसल्या बसल्या मला प्रश्न पडला, की वाटेवर नेमके हेच पदार्थ का मिळतात? आपण घरी पुरणपोळी करतो, खीर करतो, शिरा करतो. ते कुणी वाटेवर विकत का घेत नाही? उत्तर शोधता शोधता मला आपल्या बायकांचाच इतिहास सापडला. तो येथे मांडते.

आपल्या आज्या-पणज्या पायी किंवा बैलगाडीने यात्रेला जात. आपल्या भागातून पौष वद्य एकादशीला त्र्यंबकेश्वरी निवृत्तिनाथांच्या यात्रेला दिंड्या जातात, त्यांत त्या असत. त्यांची शिदोरी म्हणजे भाकरी, चटणी, गूळ-खोबरे, फुटाणे आणि दशम्या. दशमी म्हणजे पाण्याऐवजी दुधात भिजवलेल्या पिठाची पोळी. ती दोन-तीन दिवस मऊ राहते हे एक कारण. दुसरे कारण सोवळ्याचे. पाण्यात शिजवलेले अन्न परक्याच्या हातचे चालत नसे आणि प्रवासात बरोबर नेलेलेही विटाळे. दुधातुपातले मात्र चाले. म्हणून सोवळे पाळणाऱ्या घरांत प्रवासाला दशमीच निघे.

हाच नियम पेढ्याला लावून पाहा. पेढ्यात दूध आणि साखर. त्यात धान्य नाही, पाणी नाही. म्हणजे हलवाई कोणत्याही जातीचा असो, पेढा उपासालासुद्धा चालला. शिवाय दूध आटवून आटवून त्यातले पाणी गेलेले आणि वर साखर भरपूर, त्यामुळे तो लवकर नासत नाही. साताऱ्याचा कंदी पेढा तर खवा चांगला तांबूस भाजून करतात, म्हणून तो आणखी टिकतो. देवस्थानाच्या दारात पेढ्यांचीच दुकाने का, याचे उत्तर मला यात दिसते. जो पदार्थ टिकतो आणि ज्याने कुणाचे सोवळे मोडत नाही, तोच रस्त्यावर उभा राहिला. खंडेरायाच्या यात्रेत चंपाषष्ठीला आपल्या ओझरला जी दुकाने लागतात, त्यांत रेवड्या, बत्तासे, गोडी शेव, जिलेबी हेच असते ना? साखरेच्या नाहीतर गुळाच्या पाकातले, नाहीतर तळलेले. बारा गाड्यांची गर्दी पाहून परतताना प्रत्येकीच्या हातात गोडी शेवेचा पुडा असतोच.

आता भट्टीच्या पदार्थांकडे वळू. पाव हा शब्दच मुळी पोर्तुगीजांचा. त्यांनी 1510 साली गोवे घेतले आणि 1534 साली वसई त्यांच्याकडे गेली. त्यांच्या मागोमाग आंबवून भाजलेला पाव आपल्या किनाऱ्यावर आला. येथे यीस्ट नव्हते, म्हणून पीठ फुगवायला माडाची ताडी घालीत. ताडी घातलेले आणि परधर्मीयाच्या हातचे, अशा दोन कारणांनी पाव म्हणजे बाटण्याची खूण झाला. विहिरीत पावाचा तुकडा टाकला आणि त्या पाण्याने गाव बाटले, अशा गोष्टी लहानपणी आपण सर्वांनी ऐकल्या आहेत. 1739 साली चिमाजी अप्पांनी वसई जिंकली, पोर्तुगीज तेथून गेले, परंतु पाव राहिला आणि पावाची भीतीही राहिली.

ती भीती किती खोल होती, हे पुण्याच्या एका प्रकरणावरून कळते. ऑक्टोबर 1890 मध्ये पंचहौद मिशनमध्ये पुण्यातील काही प्रतिष्ठित मंडळींना बोलावणे झाले. त्यांत न्यायमूर्ती रानडे होते, लोकमान्य टिळक होते. व्याख्यान झाल्यावर चहा-बिस्किटे पुढे आली. कोणी घेतली, कोणी पेला नुसता हाती धरला. हा बेत डॉक्टर आनंदीबाईंचे यजमान गोपाळराव जोशी यांचा होता. मागाहून हजर असलेल्यांची नावे वर्तमानपत्रात छापून आली आणि एकच गहजब झाला. तक्रार शंकराचार्यांपर्यंत गेली, चौकशी बसली, प्रायश्चित्ताचा प्रश्न आला आणि पुढे रानड्यांनी प्रायश्चित्त घेतले. रमाबाई रानडे यांनी आपल्या आठवणींच्या पुस्तकात या प्रकरणाविषयी लिहिले आहे. एक कप चहा आणि एक बिस्किट यांवरून एवढे रामायण! भगिनींनो, आज आपण चहात बिस्किट बुडवतो, तेव्हा या गोष्टीची आठवण ठेवावी. आपल्याला जे सहज मिळाले, त्यासाठी कुणाला तरी दंड भरावा लागला आहे.

मग बेकरीचा पदार्थ आपल्या स्वयंपाकघरापर्यंत आला तरी कसा? माझ्या मते तो नानकटाईने आणला. नान हा फारसी शब्द, त्याचा अर्थ रोटी. सुरतेला नानकटाईची एक गोष्ट सांगतात. तेथे डचांची वखार होती आणि तिच्यासाठी पाव भाजण्याची भट्टी होती. डच निघून गेले तेव्हा ती भट्टी फरामजी पेस्तनजी दोटीवाला या पारशी गृहस्थांकडे आली. ते गोऱ्या साहेबांसाठी पाव करू लागले. उरलेला पाव सुकला की तो स्वस्तात गोरगरीब घेत. सुका पाव लोकांना आवडतो असे पाहून ते मुद्दाम सुकवून विकू लागले, आणि त्यातूनच पुढे खुसखुशीत बिस्किटे व नानकटाई निघाली. नानकटाईत अंडे नाही, ताडी नाही. पीठ, तूप, साखर आणि वेलदोडा. म्हणजे भट्टी तेवढी परकी, बाकी सारे आपल्या लाडवासारखेच! म्हणूनच ती सोवळ्याच्या उंबऱ्यावरून अलगद आत आली.

तरीसुद्धा बायकांनी एक युक्ती काढली. दिवाळीच्या आधी मैदा, रवा, तूप आणि पिठीसाखर घरची न्यायची, बेकरीत बसून आपल्या डोळ्यांदेखत फेसून घ्यायची, पत्र्याच्या तबकात गोळे मांडायचे, त्यावर आपल्या नावाची चिठ्ठी ठेवायची आणि भट्टीतून निघेपर्यंत हलायचे नाही. माझ्या सासूबाई सांगत, की त्या पहिल्यांदा बेकरीत गेल्या तेव्हा त्यांनी तूप घरच्या डब्यातून नेले आणि भट्टीवाल्याला "तुमचा चमचा घालू नका" म्हणून बजावले. पुढच्या वर्षी चमचा त्याचा चालला. त्याच्या पुढच्या वर्षी त्या घरूनच निरोप पाठवू लागल्या, "नेहमीप्रमाणे दोन किलो." असा हा विश्वास तीन दिवाळ्यांत बसला. मोठमोठ्या सभांना जे जमले नाही, ते भट्टीसमोर रांगेत बसलेल्या बायकांनी जमवले, असे मला वाटते.

आपल्या ओझरचाही यात भाग आहे. संरक्षणमंत्री असलेले यशवंतराव चव्हाण 1963 साली नाशिकमधून बिनविरोध लोकसभेवर गेले आणि 1964 साली मिग विमानांचा कारखाना ओझरला उभा राहू लागला. निफाड तालुक्यातले बाणगंगेकाठचे, ज्वारी-बाजरीचे गाव. तेथे पंजाबी, मल्याळी, बंगाली, तेलुगू अशी देशभरची कुटुंबे राहायला आली. सासूबाई सांगत, की वसाहतीतल्या शेजारणींनी त्यांना केक, टोस्ट आणि खारी दाखवली आणि त्यांनी शेजारणींना पुरणपोळी शिकवली. आज आपल्या मंडळात चार-पाच भाषा बोलणाऱ्या भगिनी आहेत आणि संक्रांतीला सगळ्या एकाच ताटातला तिळगूळ घेतात, याचे मूळ त्या शेजारात आहे.

आता रस्त्याविषयी. 1863 साली भोर घाटातून आणि 1865 साली थळ घाटातून, म्हणजे आपल्या कसाऱ्याच्या घाटातून, आगगाडी धावू लागली. लोणावळ्याची चिक्की ही मूळची मजुरांची गूळदाणी, घाटात रेल्वेच्या कामावर राबणाऱ्यांसाठी शेंगदाणे आणि गूळ यांची केलेली, असे तेथे सांगतात. मला ते पटते. कष्टाच्या माणसाला मूठभर खाऊन पोटाला आधार हवा, आणि गुळाचा पाक कडक होईपर्यंत आटवला की त्यात पाणी राहत नाही, म्हणून घाटातल्या दमट हवेतही झाकून ठेवली तर चिक्की टिकते. पुढे 1 जून 1948 रोजी तेव्हाचे अहमदनगर, आताचे अहिल्यानगर, येथून पुण्याला पहिली एस.टी. सुटली आणि हळूहळू खेड्यापाड्यांतून लाल गाडी फिरू लागली. गाडी दहा मिनिटे थांबणार, तेवढ्यात घेता येईल आणि घरापर्यंत नेता येईल असाच खाऊ स्टँडवर खपणार. पेढा, चिक्की, बिस्किटाचा पुडा हे त्या दहा मिनिटांचे पदार्थ आहेत. आपण घाईत निवड करतो आणि ती घाईच पुढे प्रथा होते.

आता जे लिहायचे आहे, ते लिहू की नको असा मी पुष्कळ विचार केला. पण इतिहास लिहायचा तर आपलीही चूक लिहावी.

सहलीला माझ्याबरोबर माझी आई आली होती. सत्तरीला आलेली, चांदवडच्या बाजूची, कोरडवाहू गावातली बाई. तिने आजवर देवदर्शन सोडून कुठलाही प्रवास केलेला नव्हता. पुण्याला आपण प्रत्येकीला चहाबरोबर दोन-दोन बिस्किटे दिली. आईने एक खाल्ले आणि एक पदराच्या टोकाला बांधले. लोणावळ्याला चिक्कीचा नमुना हातावर ठेवला, त्यातला अर्धा तिने मोडून पदरात बांधला. थांब्यावर नानकटाई दिली, तीही अर्धी पदरात. पुढच्या बाकावर कुणीतरी हसले. मला फार लाजल्यासारखे झाले. मी तिला सर्वांसमोर बोलले, "आई, अगं आता पुडेच्या पुडे घेतलेत आपण, ही काय भिकाऱ्यासारखी सवय!" ती काही बोलली नाही. तिने गाठ सोडली, तुकडे माझ्या हातावर ठेवले आणि खिडकीबाहेर पाहत बसली.

कसारा घाट चढून गाडी इगतपुरीला आली, तेव्हा ती आपण होऊन बोलू लागली. 1972 च्या दुष्काळात ती चौदा-पंधरा वर्षांची होती. त्या वर्षी महाराष्ट्रात शेते करपली, विहिरी आटल्या, गुरे विकली गेली. सरकारने दुष्काळी कामे काढली. तलाव, नालाबंडिंग, सडका आणि खडी फोडण्याची कामे. रेशनवर परदेशातून आलेली लाल मिलो मिळे. कामावर पोषणासाठी सुकडी वाटत. गव्हाचे भाजलेले पीठ आणि गूळ यांची ती वडी किंवा भुकटी. त्या पिढीच्या कुणालाही विचारा, तिला मिलोचा वास आणि सुकडीची चव आठवते. आई आपल्या गावच्या फाट्यापासून निघालेल्या सडकेवर खडी फोडी. सुकडी हातावर मिळे. मुकादम म्हणे, येथेच खा, घरी न्यायची नाही. पण घरी चार वर्षांचा भाऊ होता आणि त्याचे नाव हजेरीवर नव्हते. म्हणून ती तोंड फिरवून निम्मी खाई आणि निम्मी पदरात बांधी. संध्याकाळी तो पोर गावाच्या वेशीवर येऊन उभा राही आणि आधी तिच्या पदराकडे पाही.

"वाटेवर गोड मिळालं की हात आपोआप पदराकडे जातो बाई," ती म्हणाली. "आता कोण उभं नाही वेशीत, मला कळतं. पण हाताला कळत नाही."

तो भाऊ म्हणजे माझे मामा. आज ते चांगले हिंडते-फिरते आहेत, त्यांची द्राक्षबाग आहे. त्यांना या गोष्टीतले किती आठवते हे मी अजून विचारलेले नाही. मला धीर झाला नाही.

त्या रात्री मला झोप आली नाही. मी इतके दिवस खाऊचा इतिहास पुस्तकांत शोधत होते, डचांच्या भट्टीत आणि पुण्याच्या मिशनमध्ये. आणि ज्या सडकांवरून आपण सहलीला जातो, त्यांतल्या कितीतरी सडकांची खडी अशाच पोरीबाळींनी फोडलेली आहे. वाटेवरचा पहिला गोड खाऊ त्यांनी खाल्ला आणि तोही अर्धाच. आपण आज पिशव्या भरतो, त्या मागे घरी वाट पाहणारे कुणीतरी आहे म्हणूनच. पेढ्याचा पुडा आणि आईच्या पदराची गाठ यांत मला आता काही फरक दिसत नाही. दुसऱ्या दिवशी मी तिच्याजवळ बसून तिची माफी मागितली. ती म्हणाली, "चल, चहा टाक."

आता भगिनींसाठी दोन उपयोगाच्या गोष्टी. त्या थांब्यावर घेतलेली नानकटाई घरी येऊन उघडली, तर तिला खवट वास येत होता. तुपाचा किंवा वनस्पती तुपाचा पदार्थ उन्हात, काचेच्या बरणीत राहिला की असे होते. म्हणून बंद पुडा असेल तर तारीख वाचावी. सुट्या मिठाईपुढेसुद्धा ती कधीपर्यंत खाण्याजोगी आहे हे लिहून ठेवावे, असा नियम 1 ऑक्टोबर 2020 पासून आला आहे. तारीख विचारण्यात लाजण्यासारखे काही नाही. खव्याचा पदार्थ उन्हाळ्याच्या प्रवासात घेऊच नये. चिक्की घेताना एक तुकडा मोडून पाहावा. कट्‌ असा आवाज झाला तर पाक बरोबर आहे, दाताला चिकटली तर हवा लागलेली आहे.

दुसरी गोष्ट सुकडीची. आईने सांगितलेली घरची रीत अशी. दोन वाट्या गव्हाचे जाडसर पीठ पाऊण वाटी तुपात मंद आचेवर तांबूस, खमंग भाजावे. विस्तव बंद करून, पातेले किंचित निवल्यावर सव्वा वाटी बारीक चिरलेला गूळ घालावा आणि भराभर ढवळावे. गूळ विस्तवावर असताना घातला तर वडी कडक होते. तूप लावलेल्या ताटात थापून गरम असतानाच वड्या पाडाव्यात. पाणी किंवा दूध अजिबात घालू नये, म्हणजे आठ-दहा दिवस सहज टिकते. दुष्काळातल्या सुकडीत एवढे तूप नव्हते, हे आईने मुद्दाम लिहायला सांगितले आहे.

मंडळापुढे माझी एक सूचना आहे. पुढच्या सहलीत बाहेरचा खाऊ जरूर घ्यावा, ज्या त्या गावाची चव कळते. परंतु निघताना आपल्या हातची सुकडी करून न्यावी आणि ती वाटण्याचे काम मंडळातल्या सर्वांत वडील भगिनींकडे द्यावे. त्या वाटतील तेव्हा प्रत्येकीने त्यांना एक प्रश्न विचारावा: त्या साली तुम्ही कुठे कामावर होता? आपल्यापैकी कित्येक घरांत आज हे सांगणारी माणसे आहेत. काही वर्षांनी ती नसतील आणि मग हा इतिहास कुठल्याही पुस्तकात सापडणार नाही. जी उत्तरे मिळतील ती मी वहीत उतरवून घेईन. सातवीपर्यंतचे अक्षर आहे, पण वाचता येण्याजोगे आहे.

मी आईला विचारले, की हे सारे छापले तर चालेल का. ती म्हणाली, "छाप. पण त्या हसणाऱ्या बाईचं नाव लिहू नकोस. तिला काय ठाऊक!" म्हणून लिहिले नाही. खरे सांगायचे तर त्या बाईपेक्षा मीच अधिक चुकले होते, आणि माझे नाव या लेखाखाली आहेच.

मंडळाच्या वर्धापनदिनी सर्व भगिनींना माझा नमस्कार.